तिसरं क्लॅरिओनेट

आमचे आण्णा पलटणीच्या बँडमध्ये तिसरं क्लॅरिओनेट वाजवायचे. लहानपणी मी हे ज्याला त्याला सांगत सुटायचे आणि मला वाटायचं, तिसरं म्हणजे तिसरा नंबर, शर्यतीत येतो तसा. ते तसं नसतं हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली. शिवाय एक कॉम्प्युटरही लागला.

पेन्शनीत कायमचे कोरेगावला आल्यावर आण्णा रोज संध्याकाळी काळ्या डब्यातून क्लॅरिओनेटचे तुकडे काढायचे, जोडायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि समोर कागद लावून वाजवायचे. काय वाजवायचे म्हणाल तर, पूं. मग जरा थांबून पूं पूं. मग बराच वेळ काहीच नाही, नुसती पायाची टकटक. मग एक लांबलचक सूर आणि पुन्हा गप्प. आई चुलीपुढून ओरडायची, "आवं, चाल कवा सुरू करताय?"

"ही चालच हाय."

"ही? म्हस रवंथ करतीया जणू!"

आईला बोलायचा अधिकार होता. ती गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी वाजवायची आणि तिच्या हाताखाली सगळ्या चाली पाठ होत्या. आण्णांचं नेमकं उलटं. कागद समोर असला की अवघडातलं अवघड वाजवतील, कागद काढून घेतला की संपलं. भजनाच्या बायका म्हणायच्या, "भावजी, वाजवा की आमच्या संगं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "कागद कुठाय?" एवढंच व्हायचं, की भजन सुरू होण्याआधी आण्णा त्यांचा पहिला सूर, ज्याला ते सी म्हणायचे, तो लांब धरायचे. आई तो पेटीवर काळी पाचला, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर, पकडायची आणि मंडळाचा सा तिथला ठरायचा. तेवढं काम करून आण्णा ओसरीवर जाऊन बसायचे.

मग त्यांचे डोळे गेले. सगळे नाही. मी तेव्हा सांगलीत एका शाळेत शिकवत होते, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर सांगलीचेच धरले होते. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेनं दिसेल, मोठं मोठं दिसेल, बारीक वाचणं विसरा. औषध नाही, अधूनमधून तपासून जा. आण्णांनी मान डोलावली, हुकूम ऐकल्यासारखी. परत येताना रिक्षात मात्र बोलले.

"पेपर तू नायतर तुझी आई वाचून दाखवाल. पर बँडचा कागद कोण वाचून दाखवणार?"

त्यांच्याकडे एकाच चालीचे तीन जुने कागद होते, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्लॅरिओनेटचे. पलटणीतून कुणी निवृत्त व्हायला निघालं की त्याला निरोप द्यायला वाजवायची ती संथ चाल. कागद जीर्ण झाले म्हणून टाकून देणार होते, ते बँडमास्तरांना विचारून त्यांनी घरी आणले होते. त्यातला तिसरा ते रोज वाजवायचे. ते पूं, पूं पूं.

"तुझ्या आईनं ती चाल एकदाबी पुरी ऐकली न्हाई बघ," ते म्हणाले. "मी छावणीत, ती इथं म्हाताऱ्यांचं करत, रान बघत. सगळी नोकरी मी काय वाजवत होतो, तिला म्हाईतच न्हाई. तिला वाटतं मला येतच न्हाई."

आईच्या चेष्टेवर मीसुद्धा किती वर्षं खिदळत होते.

सांगलीच्या स्टँडजवळ लग्नपत्रिका छापणारा एक तरुण होता. शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिका मी त्याच्याकडेच टाकायचे. दिवसा तो पत्रिका जुळवायचा आणि गणपतीत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्याच्या कॉम्प्युटरला त्यानं तो कीबोर्ड वायरनं जोडला होता. पट्टी दाबली की पडद्यावरच्या पाच रेघांवर एक काळा ठिपका उमटायचा, आणि बटण दाबलं की ते ठिपके एकामागोमाग वाजायचे. मी पत्रिका विसरून बघतच राहिले.

"हे मोठं छापता येतं?" मी विचारलं.

"केवढं पाहिजे ताई? भिंतीएवढं?"

"हरभऱ्याएवढा एकेक ठिपका."

"एवढंच होय! देतो की."

देतो म्हणणं सोपं होतं. पठ्ठ्याला वाजवायला सगळं यायचं पण रेघांवरचं वाचायला यायचं नाही. तो कानावर शिकलेला. मला तर काहीच येत नव्हतं. मग मी आण्णांकडेच शिकले. सुट्टीच्या दिवशी पॅसेंजर धरून कोरेगावला जायचे, भिंग घेऊन कागदावर वाकायचे आणि सांगायचे, "दुसऱ्या रेघेवर, भरीव गोळा, दांडी वर." ते डोळे मिटून म्हणायचे, "जी सूर. एक ठोका. फुडं?" "पोकळ गोळा, दांडी तशीच, पार खालच्या रेघेवर." "ई. दोन ठोकं. मोजत जा, नुसतं बघू नगं." मी चुकले की मांडीवर टपली बसायची. या वयात बापाच्या टपल्या खायला मिळाल्या, हे कमी भाग्य नव्हे. हळूहळू मला त्या रेघा वाचता यायला लागल्या, आणि शाळा सुटली की मी दुकानात बसून एकेक ठिपका पडद्यावर ठेवायला लागले. माझ्या शेजारी कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त जुळवला जात असायचा.

त्या यंत्राचे उपकार काय सांगू! माणसाला पुन्हा पुन्हा विचारलं की कंटाळतो, डाफरतो. मी तर शिक्षिका, मला ठाऊक. हे यंत्र एकच ओळ हवी तितक्यांदा वाजवायचं, हवी तितकी सावकाश. चुकीचा ठिपका ठेवला की कानाला लगेच टोचायचं. पहिल्या आणि दुसऱ्या क्लॅरिओनेटचे दोन्ही कागद भरून झाले तेव्हा आम्ही ते एकत्र वाजवले. पत्रिका न्यायला आलेले एक गृहस्थ पिशवी हातात धरून उभेच राहिले. इतकी गोड चाल होती ती. मग तिसरा कागद भरला. तो हरभऱ्याएवढ्या ठिपक्यांनी छापून निघाला तेव्हा एका पानावर जेमतेम एक ओळ मावली होती. नंतरच्या फेरीत डॉक्टरांना दाखवायला आण्णा आले, माझ्या सांगण्यावरून क्लॅरिओनेटचा डबा घेऊन, तेव्हा दुकानात त्यांच्या पुढ्यात मी ती चळत ठेवली. त्यांनी मान जरा तिरकी केली, कडेनं पाहिलं आणि पहिली ओळ घडाघडा वाचली. बोटांनी हवेत वाजवूनही दाखवली. मला रडूच आलं. रडले सरळ, त्यात काय लाजायचं.

"चला, आता संगं वाजवा," दुकानदार म्हणाला. "पहिली दोन क्लॅरिओनेटं कॉम्प्युटर वाजवंल, तिसरं तुम्ही."

आण्णांनी डबा उघडला, तोंडाशी लावायची वेताची पट्टी, रीड, ओठांत भिजवली, पाय आपटून ठोका दिला. यंत्र सुरू झालं, आण्णा सुरू झाले, आणि अरे देवा! दोन्ही मिळून असं काही भेसूर निघालं की रस्त्यावरचा चहावाला डोकावला. पुन्हा केलं, तेच. आण्णांनी क्लॅरिओनेटचा सांधा जरा ओढला, जरा दाबला. पुन्हा तेच.

"काका, सूर जरा वर घेता का?" पोरगा अदबीनं म्हणाला. वाद्य जुनं, माणूस जुना, जास्त काय बोलणार!

आण्णांनी क्लॅरिओनेट मांडीवर ठेवलं. "मशीन चुकतंय व्हय?" ते हळूच म्हणाले. "डोळं गेलं. आता कानबी गेलं बघ." त्यांनी तुकडे सुटे केले, फडक्यानं पुसले आणि डब्याची खिटी लावली. मी म्हटलं, यंत्राबरोबर वाजवायचा सराव नाही म्हणून होतंय. त्यांनी हात वर केला, बास.

कोरेगावला गेल्यावर त्यांनी डबा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. डोळे गेल्यावरही ते आठवेल तेवढं वाजवायचे, आता संध्याकाळी तेवढं पूंही ऐकू येईना. आई आधी म्हणाली, बरं झालं, कान शांत झाले. पण तीच मग घरात येरझारा घालायला लागली. मी पुढच्या सुट्टीला गेले तेव्हा तिनं मला मागच्या दारी गाठलं आणि फैलावर घेतलं.

"काय दाखवलंस त्यांना सांगलीत? माणूस पार बसलाय."

मी सगळं सांगितलं, फक्त हे सगळं तिला चाल ऐकवण्यासाठी चाललंय तेवढं सोडून. कागदावर सी लिहिलाय, यंत्रही सी वाजवतं, आण्णाही सी वाजवतात, तरी जुळत नाही.

"मशीनचा सी पेटीवर कुठं येतो?" आईनं विचारलं.

"पांढरी एकला."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "आगं खुळे, ह्यांचा काळी पाचला येतो की! इतकी वर्षं भजनात काय ऐकलंस? तू पांढरी एकला गायलीस आन् ह्यांनी काळी पाचला धरलं, तर कोल्हेकुई न्हाई हुणार?"

मी कपाळावर हात मारला. क्लॅरिओनेटवाल्याचा सी पेटीच्या सीपेक्षा एक सूर खाली बोलतो, आणि त्याचे कागद तसेच लिहिलेले असतात. आण्णांच्या बँडमध्ये ज्याच्या त्याच्या वाद्याचा कागद आधीच जुळवून हातात यायचा, त्यामुळे त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आणि आम्ही सगळी भजनातली, ऑर्केस्ट्रातली माणसं. आपल्याकडे सा कुठेही धरला तरी तो साच. कागदावर एकच नाव दिसल्यावर दोन वेगळे सूर असतील अशी शंका कुणाला यावी?

सांगलीत गेल्या गेल्या मी दुकान गाठलं. त्या पोरानं मांडीवर थाप मारली, "हात तिच्या!" आणि माऊसनं दोन ठिकाणी टिचकी मारून पहिल्या दोन क्लॅरिओनेटांचा आवाज एक सूर खाली उतरवला. छापलेले कागद तसेच राहिले. एवढ्याशा गोष्टीपायी माझा बाप मुका झाला होता.

पण आण्णा यायला तयार होईनात. "पुन्ना तमाशा नगं," म्हणाले. आईनं वाद घातला नाही. डॉक्टरांच्या फेरीच्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर सांगलीला आली, आणि स्टेशनवर उतरल्यावर कळलं की भाकरीच्या पिशवीत तळाला क्लॅरिओनेटचा डबा आहे. आण्णा भर फलाटावर चिडले. "कुणी सांगितलं व्हतं हे आणायला?" आई म्हणाली, "चला गुमान. मला ऐकायचंय."

आण्णांनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि चालायला लागले.

दुकानात तिला खुर्ची दिली, पण ती टेकली नाही, पदर खोचून उभीच राहिली. यंत्र सुरू झालं. आण्णांनी मान तिरकी करून पहिल्या पानाकडे पाहिलं. मी पानं उलटायला शेजारी उभी. पूं. या खेपेला ते पूं त्या दोन सुरांच्या बरोबर मध्ये जाऊन बसलं. पूं पूं. मग आण्णा थांबले, पाय चालू, वरची चाल पुढे गेली, आणि जिथे ती टेकणार तिथे त्यांचा तो लांबलचक सूर खालून वर आला. इतकी वर्षं ऐकलेली ती म्हशीची रवंथ, ती ही होती होय! आण्णा शेवटपर्यंत वाजवत गेले. एकही ठोका चुकला नाही.

चाल संपली. आई पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"मला वाटायचं तुमी चाल इसरलाय," ती म्हणाली, "म्हणून असं अर्धं अर्धं वाजवताय."



मग ती त्या पोराकडे वळली. "भाऊ, आता ह्यांच्याबिगर लावा जरा."

आण्णांचा चेहरा उतरला, मी पाहिलं. मलाही आईचा राग आला. आत्ताच कशाला हे? पोरगा माझ्याकडे बघायला लागला, मी नाइलाजानं मान हलवली. यंत्रानं दोन्ही क्लॅरिओनेटं पहिल्यापासून वाजवली. तीच गोड चाल, जी मी कितीदा तरी ऐकली होती. आई डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्यावर आल्यावर तिनं हात केला.

"बंद करा. पोकळ वाटतंय."

आण्णांनी मान खाली घातली आणि फडकं काढून क्लॅरिओनेट पुसायला लागले. पुसायला खरं तर काही नव्हतं.

"आवं, पुसताय काय आत्ताच?" आई म्हणाली, आणि आता कुठे ती खुर्चीवर टेकली. "वाजवा की परत."