चिकटपट्टी लावलेली लेन्स

वहिनी घाबरट आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि वहिनींनाही मान्य होतं. शेजारचे टेलरमास्तर म्हणायचे, वहिनींच्या अंगावर पाल पडली तर आधी पालच मरेल, त्यांच्या किंकाळीनं. वहिनी हसायच्या आणि हसता हसता छताकडे बघून घ्यायच्या.

वहिनी म्हणजे फोटो स्टुडिओवाल्या दादांची बायको. पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्याआड खोली, एवढाच स्टुडिओ. खोलीत एक गोल स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे आणि तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा. स्टुलाचे पाय कुठे टेकायचे आणि स्टँडचे कुठे, ते दादांनी फरशीवर रंगानं आखून ठेवलं होतं. दादा उधारी वसूल करायला बाहेर पडले की ओळखपत्राचे फोटो वहिनी काढत. "हनुवटी बघ आणि बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस," हे दादांचं सांगणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. वहिनींनी ते शब्दशः पाळलं. लेन्सच्या पुढच्या कड्यावर एक काळी चिकटपट्टी होती, तिलाही कधी हात लावला नाही. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारतात, तसलंच काहीतरी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. हनुवटी मात्र त्या अशी बघत की त्यांनी काढलेला फोटो कधी परत आला नाही.

मग एका दुपारी दादा दुकानाच्या पायरीवर कोसळले. कॅमेरा हातातच होता. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. कॅमेऱ्याची बॉडी मधोमध तडकली, लेन्सवर मात्र साधा ओरखडा नाही. दवाखान्यात आठवडाभरानं बोलता यायला लागल्यावर दादा म्हणाले, बॉडी गेली, लेन्स शाबूत, आमचं दोघांचं एकच दुखणं. टेलरमास्तर पोट धरून हसले. वहिनी बाहेर जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

दादा घरी येऊन काही महिने झाले तरी स्टुडिओ बंदच होता. एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. वर्गावर्गाचे फोटो काढायचे, दरवर्षीसारखे, सोमवारी जमेल का? नसेल तर तसं सांगा, दुसरा एक जण विचारून गेलाय. शाळेच्या त्या एका कामावर दुकानाचं वर्षाचं भाडं निघायचं. ते गेलं की दुकान गेलं, हे सांगायला जागामालकाची गरज नव्हती. वहिनींच्या तोंडातून शब्द आला, "हो, जमेल." फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, हे कोण बोललं?

दादांनी पलंगावरूनच हिशोब मांडला. नवा कॅमेरा परवडणार नाही, तेव्हा जुना घ्यायचा. बॉडीवर पैसे उधळायचे नाहीत. बॉडी आज आहे, उद्या बदलेल, लेन्स आयुष्यभर राहते. आपली लेन्स तर सोनं आहे, तिला बसेल अशी कुठलीही साधी बॉडी आण. आणि शेवटी, भिंतीकडे बघत, "मी उठलो की बघू पुढचं."

वहिनींनी तेच वाक्य पदराला गाठ मारावं तसं धरून ठेवलं. दादा उठले की त्यांना सगळं जागच्या जागी सापडलं पाहिजे. लेन्स, स्टूल, फरशीवरच्या खुणा, सगळं. आपण फक्त मधले दिवस ढकलायचे.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत काचेच्या कपाटात काळे कॅमेरे ओळीनं बसलेले, सगळ्यांचे डोळे वहिनींवर. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून हिंडणारा, बोलघेवडा. त्यानं दोन बॉड्या समोर ठेवल्या. एक जुनी, विटेसारखी जड, कडेचा रंग उडालेला. दुसरी हलकी, बरीच नवी. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. वहिनींना काही कळेना. त्यांनी विचारलं, जुनी कशी आहे? तो म्हणाला, गाडी आणि कॅमेरा घेताना किती पळालाय ते आधी विचारावं. हा खूप पळालाय. आज पळतोय, उद्याचं मी नाही सांगत. आतला शटरचा पडदा कधी मान टाकेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सोमवारी, मुलं रांगेत उभी असताना, मोठ्या बाईंसमोर तो मान टाकेल. वहिनींना ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी जड कॅमेरा बोटानंच पलीकडे सरकवला.

हलक्याला दादांची लेन्स लावली. बसली. दुकानदार म्हणाला, लेन्स जुनी दिसते, जरा फोकस करून बघा बरं का. वहिनींनी त्याला स्टुलावर बसवलं. मग पाय आपोआप मागे मागे गेले आणि थांबले, रोज जिथे थांबायचे तिथेच. हनुवटी जरा खाली, म्हणाल्या. बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दुकानदाराची पापणीन् पापणी मोजता येत होती.

"क्या बात है," तो म्हणाला. "वहिनी, हात बसलाय तुमचा."

वहिनींच्या जिवात जीव आला. परत येताना त्या पिशवी पोटाशी धरून चालत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

शनिवारी सकाळी टेलरमास्तर दुकानासमोर कपड्याचं गाठोडं उतरवत होते. वहिनींना वाटलं, घ्यावा एक फोटो, सराव होईल. फोटो धुरकट आला. हात हलला असेल. दुसरा घेतला, मास्तरांना तंबी देऊन, श्वास रोखून. मास्तर वाफेतून चालत आल्यासारखे. तिसऱ्यात मागचं दार, मागची खिडकी, मास्तर, सगळंच पुसट.

"मी आहेच तसा," मास्तर म्हणाले. "बायको पण म्हणते, तुमचं काही कळत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. त्या मास्तरांच्या जवळ जवळ जात फोटो काढत राहिल्या आणि एका ठिकाणी मास्तर एकदम लख्ख दिसले. एक पाऊल पुढे, पुन्हा धूर. एक पाऊल मागे, पुन्हा धूर. त्या होत्या तिथेच थांबल्या. स्टुडिओतलं अंतर. फक्त तेवढंच एक अंतर. त्यांनी चिकटपट्टीकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं ती तिथे का होती ते त्यांना भर उन्हात, मास्तरांच्या समोर कळलं. कडं त्या एका अंतरावर जखडून ठेवलेलं होतं. आपण कधी फोकस केलाच नव्हता. आपण फक्त बटण दाबत होतो. त्यांनी तिथूनच जिन्याखालच्या दुकानात फोन लावला.

दुकानदारानं फोनवर आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. वहिनी, मी म्हटलं होतं, फोकस करून बघा. तुमची लेन्स जुन्या पद्धतीची, तिच्यात मोटर नाही. जुन्या जड बॉडीत मोटर असते, ती लेन्सला फिरवते. ह्या हलक्यात नाही. दोन्ही चांगल्या, पण एकमेकींना चालवणार नाहीत, हातानं कडं फिरवावं लागेल. मग त्यानं तोडगा सांगितला. एकतर बॉडी बदला, तो जड घेऊन जा, पण त्याची हमी नाही. नाहीतर बॉडी राहू द्या आणि लेन्स मला द्या. तिच्या बदल्यात मोटर असलेली साधी लेन्स देतो. अंधारात लंगडी आहे ती, पण उन्हात शाळेचं काम आरामात होईल. उद्या अकरापर्यंत या, मग मी गावाला जातोय.

म्हणजे आगीतून फुफाट्यात. जड कॅमेरा आणला तर सोमवारची भीती. लेन्स दिली तर दादांची.

घरी आल्यावर त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दादांनी पंचवीस वर्षं लोकांचे चेहरे वाचूनच पोट भरलं होतं. बस इथे, म्हणाले. वहिनी बसल्या आणि सगळं सांगून टाकलं, अगदी पुसट टेलरमास्तरांसकट.

दादांनी लेन्सवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, पट्टी मीच लावली होती. तू चुकून कडं फिरवशील म्हणून. कॅमेरा बाहेरच्या कामाला नेला की वाटेत काढायचो, परत यायच्या आत लावायचो, तुला कळू न देता.

"शिकवलं का नाही मग?"

"भीती वाटायची."

"मला?"

"मला, अगं." दादांचं अर्धं तोंड हसलं. "तू शिकलीस तर माझं काय काम, असं."

 दादा म्हणाले, काढ ती पट्टी. आत्ता. माझा फोटो घे. वहिनी म्हणाल्या, जेवायची वेळ झालीय. दादा म्हणाले, काढ.

पट्टी नखांनी निघेना, इतके महिने तशीच राहून कड्याला घट्ट चिकटली होती. शेवटी निघाली. कॅमेरा डोळ्याला लावला. आत धूर होता, आणि धुरात पलंगावर एक फिकट आकार. हळू फिरव, दादांचा आवाज आला. डाव्या हातानं. घाई नको. डोळ्यावर आण, नेहमी डोळ्यावर. वहिनी कडं फिरवत राहिल्या. धूर विरायला लागला. आधी उशीची किनार आली, मग कान, मग गाल.

मग दादा आले.

उजवी पापणी ओघळलेली. ओठाचा कोपरा खाली, त्यात लाळेचा ओला ठिपका. गळ्यापाशी कातडी सैल. चादरीवर ठेवलेला उजवा हात, ठेवलेल्या वस्तूसारखा. इतके महिने वहिनी हे सगळं रोज पुसत होत्या, भरवत होत्या, कुशीवर वळवत होत्या, आणि एकदाही त्यांनी असं बघितलं नव्हतं. त्या नेहमी जरा बाजूला बघत, उशीकडे, पेल्याकडे. आता चौकटीत दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

हे उठणार नाहीत.

डॉक्टर आडवळणानं सांगत होते, मास्तर विनोद करून लपवत होते. वहिनींना ते आज स्पष्ट दिसलं आणि त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यांनी बटण दाबलं नाही.

"आला का फोकस?" दादांनी विचारलं.

"आला."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, शाळेत मुलं हलतात. तुझ्या हातानं कडं फिरवून होईस्तोवर अर्ध्यांचे डोळे मिटलेले असतील. मी असतो तर... आणि ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

रविवारी सकाळी वहिनींनी बॉडीपासून लेन्स सोडवली. तेवढं त्यांना येत होतं. दादा म्हणाले, दे जरा इकडे. त्यांनी ती डाव्या हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, आतून बाहेरून पाहिली, काचेत बुरशी धरली का ते बघतात तशी. काच स्वच्छ आहे, त्याला सांग, म्हणाले. किंमत कमी लावू देऊ नकोस. वहिनींनी हात पुढे केला. दादांनी मूठ उघडली नाही. तोंडानं "घे" म्हणाले, पण मूठ तशीच. वहिनी उभ्या राहिल्या. घड्याळाकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी पलंगावर बसून एकेक बोट सोडवलं, हलकेच, झोपलेल्या मुलाच्या मुठीतलं खेळणं काढावं तसं. दादांनी डोळे मिटून घेतले होते.

जिन्याखालच्या दुकानात त्या फारसं बोलल्या नाहीत. काच स्वच्छ आहे, एवढंच दोनदा सांगितलं. दुकानदारानं दिलेली लेन्स हलकी, प्लॅस्टिकची, खेळण्यासारखी. ह्या वेळी वहिनींनी ती दाराशी उभं राहून तपासली, मग दाराबाहेर जाऊन, मग जिन्यावर चढून. प्रत्येक वेळी आतून घरघर आवाज यायचा आणि दुकानदाराचा चष्मा स्वच्छ दिसायचा. तो म्हणाला, वहिनी, आता घराच्या छपरावरून पण बघता का? वहिनी म्हणाल्या, छप्पर आहे का उघडं?

सोमवारी शाळेच्या अंगणात ऊन चांगलं होतं. बाकांवर उभी मागची रांग, खुर्च्यांवर शिक्षिका, पुढे मांडी घातलेली लहान मुलं. वहिनी कॅमेरा डोळ्याला लावून थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. सगळे चेहरे त्यांच्याकडे. घरघर झाली, चेहरे लख्ख झाले. त्यांनी बटण दाबलं. लगेच पडद्यावर फोटो मोठा करून रांगेरांगेनं डोळे तपासले. मागच्या रांगेत एकाचे मिटलेले होते.

मोठ्या बाई सावलीतून पुढे आल्या. फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही, फाटकाकडे पाहिलं. वहिनींना म्हणाल्या, दादा मागून येताहेत ना? दरवर्षी शेवटचा फोटो तेच घेतात, सगळ्या शिक्षकांचा. त्यांच्यासाठी थांबूया का?

हो म्हणणं सोपं होतं. येतील म्हणावं, तब्येत जरा बरी झाली की, पुढच्या वेळी नक्की. वहिनींनी तोंड उघडलं. 

"नाही, थांबू नका. ते आता नाही येणार," त्या म्हणाल्या. "मीच येत जाईन."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग नुसती मान हलवली आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या, शिक्षिकांच्या मधोमध.

 वहिनींनी कॅमेरा पुन्हा वर केला आणि मागच्या रांगेला सांगितलं, हा परत घ्यायचा आहे, आणि बाई, तुमची हनुवटी जरा खाली.