फिनेलचा आळ

आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी आहे. वरची काचेची टाकी पाहुण्यांना दिसते. खरं काम चालतं ते खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत. तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी तिच्यात उतरतं, स्पंजातून आणि सिरॅमिकच्या छोट्या नळ्यांमधून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. त्या नळ्यांवर जिवाणू असतात आणि माशांची घाण तेच पचवतात. म्हणून नळ्या धुवायच्या त्या टाकीतल्याच बादलीभर पाण्यात, नळाखाली कधीच नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने विचारलेलं नसतानाही, समजावून सांगितलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्हाला लग्नाला जायचं होतं. सम्पच्या तळाशी बोटभर गाळ साचला होता, आणि मी सगळं बाहेर काढून बसेपर्यंत बायको तयार होऊन दारात उभी. बादलीत नळ्या खळबळून काढायला अर्धा तास लागला असता. मी त्या सगळ्या चाळणीत ओतल्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरल्या. सोसायटीत तेव्हा टँकरचं पाणी येत होतं. चहालासुद्धा क्लोरीनचा वास यायचा. तो त्या वेळीही आला. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी लग्नाला गेलो आणि मठ्ठा-जिलबी हाणून आलो.

चौथ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशींनी हाक मारली. "काका, जोडी उताणी पडलीया." केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन माशांना त्या जोडी म्हणायच्या. मी धावत गेलो. कपाटाचं दार उघडं होतं, रात्री मीच लावायचं विसरलो होतो, आणि शेजारी फिनेलची बाटली होती.

"फिनेल उडवलंत ना आत? किती वेळा सांगितलंय!"

मी ओरडलो. मावशी साठीच्या, माझ्याच वयाच्या. "न्हाई वो काका," म्हणाल्या, मग हातातल्या फडक्याकडे बघत राहिल्या. "उडालं बी आसंल."

दुपारी मी पाणी तपासलं. परीक्षानळीत औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. ते गर्द हिरवं झालं. म्हणजे घाण पचवणारे जिवाणू मेले होते, आणि ते कुठे मेले हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ते पाणी बेसिनमध्ये ओतून टाकलं. काय निघालं, असं बायकोने विचारलं. "फिनेलच," मी म्हणालो.

खोटं एकदा बोललो की मला ते नीटनेटकं करावंसं वाटतं. मी कपाटावर पाटी लावली: 'येथे फिनेल वापरू नये. आत जीव आहेत.' बायको म्हणाली, "पाटी लावल्याशिवाय तुमचं सुतक फिटायचं नाही." मी हसलोसुद्धा. त्या दिवसापासून मावशी त्या खोलीत नुसत्या पाण्याने पुसायच्या, आणि टाकीपासून हातभर लांबूनच. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा जिन्यात भेटल्या. "मावशी सगळ्यांना सांगत असतात हो, माझ्या हातून जीव गेले म्हणून," त्या म्हणाल्या. मी "चालायचंच" म्हणून पुढे झालो. मला माझीच किळस आली होती, पण परत फिरलो नाही.

दिवाळीनंतर नवे मासे आणले. एका सकाळी मी सम्पमधल्या नळ्या बादलीत धुत बसलो होतो, नियमाप्रमाणे, आणि मावशी शेजारून केर काढत होत्या. आता सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

"मावशी, मागच्या वेळचं ते माशांचं..."

त्यांनी केरसुणी खाली ठेवली आणि हात जोडले. "काका, चुकून झालं वो. तुमी माफ केलं आसं कदी बोलला न्हाई, त्येच मनाला लागून ऱ्हायलंय."

त्यांचे डोळे भरले होते. एकच वाक्य बोलायचं होतं मला.

"केलं माफ, मावशी," मी म्हणालो.

त्या वाकल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला. मी तो करू दिला.