टेलरकाकांना येत नाही तोवर

आमच्या कामाला हुशार माणूस चालत नाही. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणारे रेकॉर्डर दुकानात जायच्या आधी आमच्याकडे येतात, आणि घरच्या साध्या माणसाला ते वापरता येतात की नाही हे आम्ही पाहतो. त्यासाठी ऑफिसातच एक खोटा दिवाणखाना मांडलाय. सोफा, टीव्ही, कुंडीत प्लास्टिकचं झाड आणि एका भिंतीला भलामोठा आरसा, मागच्या बाजूने आरपार दिसणारा. आरशामागे आमचे साहेब आणि यंत्र बनवणारी माणसं बसतात. सोफ्यावर असा कोणीतरी, ज्याने आयुष्यात रेकॉर्डरला हात लावलेला नाही, आणि त्याच्या शेजारी मी. मी मदत करायची नाही. "मनात जे येतंय ते मोठ्याने बोलत राहा," एवढंच म्हणायचं. जो अडतो त्याला सुधारलेल्या यंत्रासाठी पुन्हा बोलावतो. ज्याला सगळं यायला लागलं, तो आमच्या लेखी संपला.

टेलरकाका आले तेव्हा त्यांना काहीच येत नव्हतं. नजर अधू झाली म्हणून दुकान बंद केलेलं, बायको त्याच्या आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. आयुष्यभर गळ्यात टेप अडकवून बोलत राहिलेला माणूस. माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या घरातली सगळी भांडणं त्यांना कळायची. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते सोफ्याच्या कडेवर बसले. मी मोठ्याने बोलायला सांगितलं, तर माझ्याकडे बघतच राहिले.

"सगळं बोलायचं? अगदी मनातलं?"

"अगदी मनातलं."

"आणि तू ऐकणार?"

"तेच माझं काम आहे, काका."

मग काय विचारता! त्यांच्या तोंडाचा जो पट्टा सुरू झाला तो थांबेचना.

तेव्हा आमच्याकडे तीन रेकॉर्डरची तुलना चालली होती. पांढऱ्याच्या रिमोटवर बटणांची नुसती जत्रा. काकांनी बातम्या साठवायला घेतल्या आणि साठवली साबणाची जाहिरात. काळा त्याच्याहून आगाऊ. एका यादीच्या पोटात दुसरी यादी, तिच्या पोटात तिसरी. मालिका साठव म्हटलं तर आजचा भाग तेवढा ठेवायचा, आणि एक भाग पुस म्हटलं तर न विचारता अख्खी मालिका साफ. "अरे बाबा, मीसुद्धा कापड कापण्याआधी गिऱ्हाइकाला एकदा विचारत होतो," काका टीव्हीला म्हणाले. आरशामागे हशा पिकला. मग बायकोला एकच मालिका कशी आवडायची, मालिका संपली तेव्हा ती कशी हिरमुसली होती, हेही त्यांनी त्या काळ्या डब्याला सांगून टाकलं.

करडा मात्र अगदी सरळ. कार्यक्रमाच्या नावावर यायचं, गोल बटण एकदा दाबलं की तो भाग, दोनदा दाबलं की सगळी मालिका. पुसायच्या आधी विचारणार, चुकून पुसलं तर परतही देणार. बाकी सगळ्यांना तो चुटकीसरशी जमला. टेलरकाकांचं घोडं मात्र तिथेच अडलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा अडलं. साहेबांना काकांचं बोलणं फार प्रिय, त्यामुळे काकांचा शब्द प्रमाण. करडा बनवणारी माणसं बिचारी ते गोल बटण काढून तिथे नवी यादी घालायला निघाली.

मी शेजारीच बसत होते. काकांचा अंगठा नेमका गोल बटणावर जायचा, तिथे जरासा टेकायचा आणि मग नाइलाजाने बाजूच्या बटणावर सरकायचा. माझं डोकंच फिरलं. चहाच्या वेळी मी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"काका, येतंय ना तुम्हाला?"

त्यांनी कपात बघितलं. "आलं तर पुन्हा बोलवाल का?"

"नाही."

"मग नाही येत."

"अहो, तुमच्यापायी ती माणसं चांगल्या यंत्राची वाट लावतायत. उद्या घराघरात तुमच्यासारखेच लोक ते वापरणार. ते खरोखरच अडतील."

त्यांनी कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "पोरी, घर खायला उठतं गं. तिथे मनातलं बोला असं कोण म्हणतं मला?"

माझा राग होता तिथेच राहिला, पण त्यांच्यासाठी मी आणखी एक चहा सांगितला. साहेबांना सांगायचं की नाही, हे मला ठरवता येईना. ते काकांनीच ठरवलं.

पुढच्या वेळी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी रिमोट हातात घेतला. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. काका आरशाकडे वळले.

"मनात असं येतंय की हे गोल बटण चांगलं आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी मुद्दाम चुकत होतो. ते काढू नका." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि असंही येतंय की हे दाबलं की मला घरी जावं लागणार. मला जायचं नाहीये."

त्यांनी बटण दोनदा दाबलं. मालिका साठली.

साहेब बाहेर आले, काकांचा हात हातात घेऊन आभार मानले. चांगले वागले, तक्रारीला जागा नाही. पण पुन्हा या असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मलाही म्हणता येईना. मी काकांना दारापर्यंत सोडायला गेले. बाहेरच्या बाकावर पुढच्या बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे मी त्यांना विचारलं, रेकॉर्डर कधी वापरलाय का?

"छे हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

काका चपला घालता घालता थांबले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"नशीबवान आहात," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.