अकरावी खाच

मॉस्कोजवळच्या आमच्या कारखान्यात लेथवर धातू कातणाऱ्यांत स्वतःचा शिक्का असलेला एकच टर्नर होता, अर्सेनी लुकिच. त्याचा शिक्का ज्या जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, बसला तो तपासणीला येत नसे, आणि तपासणी म्हणजे मी, क्लावा. वीस वर्षं मी साऱ्या कारखान्याच्या चुका काढल्या, पण या म्हाताऱ्याची एकही माझ्या वाट्याला आली नाही. त्या शिक्क्याचा मला रागच होता.

लुकिच लेथ कानाने चालवायचा. कापणारं टूल धातूत किती खोल गेलं ते त्याला आवाजावरून कळे. यंत्रं पुसायला मिळालेलं स्पिरिट बाकीचे पिऊन टाकत, हा खरोखरच पुसायचा, म्हणून त्याला कुणी सोबतीला घेत नसे. आणि हातात आलेला जॉब कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय तो लेथ सुरू करत नसे.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात रेनात इल्दारोविच नावाचे शास्त्रज्ञ दोन पितळी कर्ण्यांचं ड्रॉइंग घेऊन आले. कर्ण्यांच्या आत चाळीस बारीक गोल खाचा. उपग्रहावर जायचे होते.

"कशासाठी?" लुकिचने विचारलं.

"आकाशाची ऊब मोजायला. विश्व जन्मलं तेव्हाची ऊब अजून उरलीय, चहूकडून येते. उणे दोनशे सत्तर अंश."

"ही ऊब? अहो, आम्ही उणे वीसला कानटोप्या ओढतो! बरं, चहूकडून सारखीच येते ना? मग मोजायचं काय?"

"किती सारखी, तेच. एक कर्णा एकीकडे बघणार, दुसरा दुसरीकडे. यंत्र फक्त दोघांतला फरक सांगणार."

हे लुकिचच्या डोक्यातून जाईना. जेवताना सूप निवत ठेवून तो मला म्हणाला, "क्लावा, आपल्या एका इमारतीत वाफेच्या नळांनी पहिला मजला भाजतो आणि पाचवा गारठतो. मग एवढं मोठं आकाश सगळीकडे सारखं कसं गं?"

"मला काय विचारता? मी खाचा मोजते. त्याही तुमच्या नाहीत."

दोन्ही कर्णे झाले, दोन्हींवर शिक्का बसला. पहिला तर लगेच यंत्राला जोडून सीलबंदही झाला. मग दोघांना एकाच थंडगार काळ्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. भिंत एकच, तेव्हा यंत्राचा काटा शून्यावर यायला हवा होता. आला नाही. सहा आठवडे रेनात इल्दारोविच तारा उसवत बसले. मार्चपर्यंत दोष सापडला नाही तर यंत्र उपग्रहावरून उतरवणार होते.

एका सकाळी लुकिच माझ्या खोलीत आला आणि शिक्का माझ्या टेबलावर ठेवला.

"पहिल्या कर्ण्याची अकरावी खाच तीन शतांश मिलिमीटर जास्त खोल आहे. टूल दचकलेलं मी ऐकलं होतं."

"आणि तरी शिक्का मारलात?"

"मारला. म्हटलं, एवढंसं आकाशाला काय कळणार! मग दुसरा जीव ओतून केला. अगदी बिनचूक."

"तोच नडला, लुकिच. दोन्ही सारखे कुठे राहिले?"

वीस वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. आता मात्र मला त्याच्याकडे बघवेना.

रेनात इल्दारोविच ओरडले नाहीत. पहिला कर्णा सील तोडून मार्चच्या आत यंत्रातून काढणं शक्य नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्यातही तीच चूक करता येईल? तिथेच, तेवढीच?"

"मुद्दाम?" लुकिचचा चेहरा लालबुंद झाला.

पितळेच्या तीन तुकड्यांवर त्याने सराव केला. तिन्ही वेळा हात बरोबर मापावर आपोआप थांबला.

"कान आडवे येतायत," तो वैतागून म्हणाला. "क्लावा, कापूस आण. आणि इथे उभी राहा. मला काही ऐकू येणार नाही, तू डायल बघ आणि बोटं दाखव."

त्याने कानात कापसाचे बोळे घातले आणि तो बिनचूक कर्णा लेथवर चढवला. बिघडला असता तर बदली नव्हता. एका शतांशाला मी एक बोट दाखवलं. मग दोन. तिसरं बोट वर केलं, आणि त्याने टूल मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी काळ्या भिंतीसमोर काटा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. रेनात इल्दारोविचनी लुकिचला मिठी मारली.

"आणि आकाशात किती दाखवेल?" लुकिचने विचारलं.

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

"मग आता जो फरक निघेल तो आकाशाचा. माझा नाही."

मी शिक्का त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो परत माझ्याकडे ढकलला. "आधी मोज. दोन्हींचं लिही."

सीलबंद कर्ण्याच्या तोंडातून अकराव्या खाचेपर्यंत माझं माप जेमतेम पोचलं. दोन्ही कागदांवर मी लिहिलं : अकरावी खाच तीन शतांशाने जास्त खोल. वीस वर्षांत मी काढलेली त्याची ही पहिली चूक, आणि तिच्याखाली मी दोनदा 'मंजूर' लिहून सही केली.