शॉना प्रुइटचं शेवटचं अर्धं क्रेडिट

टेक्ससमधल्या आमच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन सुटायला सव्वीस क्रेडिट लागतात. शॉना प्रुइटची साडेपंचवीस भरली होती, आणि ही गोष्ट तिच्या बापाला कळवली मी.

एकतीस वर्षं मी इथल्या दप्तरात काम करतो. एका सत्रात मोकळं होऊ शकणाऱ्या मुलाच्या घरी अभिनंदनाचं पत्र धाडायची पद्धत मीच घातलेली. शॉनाने दोन उन्हाळे कॉलेजात जाऊन विषय केले होते. तिथला एक विषय आमच्याकडे वर्षाच्या विषयाइतका धरतात. मे महिन्याची वाट न बघता डिसेंबरातच सुटायचं आणि कॉलेजच्या वसतिगृहात निघून जायचं, हा बेत तिने घरात कुणालाही सांगितला नव्हता.

बाप डेल गुरांच्या कत्तलखान्यात कामाला. बायको पळाल्यापासून चूल, धुणं आणि अंथरुणाला खिळलेली आजी शॉनाच्या गळ्यात. आठवीत तिचं मनगट मोडलं, तेव्हा 'घोड्यावरून पडली' अशी बापाची चिठ्ठी आली. ती मी नीट फायलीला लावली होती.

पत्र शुक्रवारी पोचलं. डेलने ते वाचलं, तिचे केस धरले आणि तोंड सिंकच्या कडेवर आपटलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी दात तारेने बांधले. शेरीफने विचारलं तर म्हणाली, पायऱ्यांवरून पडले. खरं सांगितलं असतं तर तिला सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या गावी ठेवलं असतं. सत्राच्या मध्येच शाळा बदलली असती आणि ते अर्धं क्रेडिट बुडालं असतं.

"पाच आठवडे राहिलेत, मिस्टर वीव्हर," ती तारेआडून मला म्हणाली. "आता घरी काहीही पाठवू नका."

राहिलेलं क्रेडिट होतं भाषणकलेचं. शेवटची परीक्षा म्हणजे एखादं काम करून दाखवत सात मिनिटं बोलायचं. तो विषय शिकवणाऱ्या मिसेस ओकली लेखी घ्यायला तयार होत्या. शॉनाने नकार दिला. नियमात बोलणं लिहिलंय, उद्या कुणी बोट ठेवायला नको.

परीक्षेच्या सकाळी डेलने तिचे बूट लपवले. ती अनवाणीच त्याचा पिकअप घेऊन आली. त्यातलं चाक आणि पाना वर्गात नेऊन चाक कसं बदलायचं ते दाखवणार होती. शेजाऱ्याच्या गाडीतून तो मागोमाग आला. वर्गाच्या दारात मी उभा होतो.

"हट रे, कारकुंड्या. मेपर्यंत ती माझी आहे."

मी म्हणालो, परीक्षा चालू आहे, चार मिनिटं थांबा. त्याने माझं डोकं धरून लोखंडी कपाटावर आपटलं. पहिल्या तडाख्याला नाक गेलं, दुसऱ्याला दोन दात. खाली पडलो तेव्हा बरगड्यांत लाथा घातल्या. आतून शॉनाचा घोगरा आवाज येतच होता. नट आलटूनपालटून आवळा, म्हणत होती. मग आवाज थांबला आणि दार उघडलं.

तिने पान्याचा पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याने पडता पडता तिची वेणी पकडली. दुसरा घाव खांद्याच्या हाडावर बसला, आणि हात सुटला. तिसऱ्यासाठी उचललेला पाना तिने हवेतच थांबवला.

शाळेच्या आवारात मारामारी झाली तर मुलाला काढून टाकतात, आणि हुकुमावर सही पडली की चालू सत्राचं काही धरत नाहीत. मुख्याध्यापक गावाबाहेर होते, वीस मिनिटांवर. रुग्णवाहिकेवाला मला स्ट्रेचरवर आडवं करायला बघत होता. मी मिसेस ओकलींना विचारलं, सात मिनिटं झाली होती का. झाली होती, म्हणाल्या. एक्याण्णव गुण लिहून कागद माझ्या हातात दिला.

मी दप्तरात जाऊन ते अर्धं क्रेडिट चढवलं. कीबोर्डवर रक्त ठिबकत होतं. दहा बावन्न झाले होते.

सव्वाअकराला मुख्याध्यापक हुकूम घेऊन आले आणि त्यात शॉनाचं नाव चढवायला सांगितलं. मी म्हणालो, त्या नावाची विद्यार्थिनी आपल्याकडे नाही. ती उत्तीर्ण होऊन गेली.