झाडलेला पट्टा

१४ फेब्रुवारी. काम : खर्ड्याजवळच्या पायवाटेवर माती चाळून पसरणे आणि झाडून सपाट करणे.

वन्यप्राण्यांच्या पाहणीत मी स्वयंसेवक आहे. संध्याकाळी असा पट्टा करायचा आणि सकाळी त्यावर कुणाची पावलं उमटली ते बघून फॉर्म भरायचा. पलीकडच्या वस्तीवरची, साधारण माझ्याच वयाची बाई बांधावरून बघत होती.

"घरचं अंगन झाडून हौस फिटंना व्हय, ताई?"

सकाळी गेले तर पट्ट्यावर सडा. वर खराट्याच्या रेषा. ती खराटा घेऊन तिथेच उभी.

"लई घान झाल्ता," ती म्हणाली. "म्हनलं, तुमी येताय तर करावा नीट."

"कशानं घाण झाला?"

"कुत्र्याच्या पायांनी."

"तुमच्या?"

"आमचं बांधलेलं हुतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने खराटा खाली टाकला.

"लांडगा लिवला की रान बंद करत्यात. मग शेरडं कुठं न्यायची? तुमच्या गच्चीवर?"

रान बंद होणार नाही, असं सांगता आलं असतं. पण ते मला माहीत नव्हतं.

"खोटं लिहिणार नाही," मी म्हणाले. "तुमच्या चराईचंही लिहीन. आज पुन्हा पट्टा करणार आहे."

तिने खराटा उचलला आणि ती वस्तीकडे निघून गेली.

पाहणीची ती शेवटची सकाळ होती. फोन करून एक दिवस वाढवून मागितला, मिळाला. तरी दिवसभर चैन नव्हती. 'प्राणी नाही' लिहिणं खोटं, आणि पाऊल न बघता 'लांडगा' लिहिणंही खोटंच. फॉर्म तीनदा उघडला, तीनदा बंद केला. पिठाचे डबे घासले, ते घासायची काही गरज नव्हती. मुक्कामाला तिथेच बसावं असंही वाटलं, पण माणूस बसलं की जनावर येत नाही. संध्याकाळी पट्टा करून मुकाट्याने परतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोहोचले. ती माझ्या आधी आली होती, शेरडं बांधापलीकडे अडवून उभी. पट्ट्यावर पावलं होती, मोठी, कुत्र्यासारखी इकडेतिकडे न भरकटता एका सरळ रेषेत गेलेली. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. फॉर्ममध्ये 'लांडगा' लिहिलं. मग खालच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वस्तीची शेरडं रोज याच रानात चरतात.'

तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "किती लिहू?"

"अकरा. दोन गाभन हायत, ते बी लिवा."

लिहिलं.