नकार देणारे दुकान

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मावशी सव्वीस वर्षे उभ्या आहेत. उभ्याच, आपली खुर्ची त्यांनी गुडघे धरलेल्या गिऱ्हाइकांसाठी बाहेर मांडली आहे. कोणाकडे कोणता तांदूळ शिजतो, कोणाला शेंगदाण्याने पुरळ उठते, सारे तोंडपाठ. निवृत्त मुख्याध्यापकांना मधुमेह निघाला, त्या दिवसापासून मावशींनी त्यांना क्रीमची बिस्किटे देणे बंद केले. सर रोज मागत, मावशी रोज हुसकावून लावत, आणि दोघांचीही सकाळ छान जाई.

मग सरांच्या लेकीने परगावाहून बोलका फ्रिज पाठवला. दूध संपत आले की तोच मागवतो. पिठाचे डबेही त्यालाच जोडलेले. माल परस्पर दारात येऊन पडतो. हळूहळू घरोघरी तसलीच यंत्रे आली. लोकांनी यादी करणे सोडले, धान्य तळहातावर घेऊन पाहणे सोडले आणि अखेर रस्त्यात मावशींकडे पाहणेही सोडले. सोयीपुढे शिष्टाचार कितीसा टिकणार! सर तर पाच महिने फिरकले नाहीत. मावशी रिकामी खुर्ची रोज पुसत आणि सुनेला सांगत, "हाताला सवय आहे, दुसरं काही नाही."

एका सकाळी सर अवतरले. मनगटावरचे काळे घड्याळ काढून त्यांनी खिशात कोंबले आणि हळूच म्हणाले, "क्रीमची बिस्किटं. एकच पुडा."

"का? फ्रिज देत नाही वाटतं?"

"देतो हो, मुकाट्याने मागवून देतो! पण लगेच लेकीच्या मोबाइलवर चहाडी करतो. हे घड्याळही त्यालाच सामील. काल तिने मला पाऊण तास झापलं. असली चहाडखोर पोरं मी बाकावर उभी करायचो."

"म्हणून मावशी आठवली होय?"

"तुमच्याकडे कसलीच नोंद होत नाही."

पुडा हाताशीच होता. दिला असता तर सर उद्याही आले असते, परवाही. नाही म्हटले तर पुन्हा दिसतील, याचा भरवसा नव्हता. मावशींचा हात पुड्यापर्यंत गेला, थबकला, आणि त्यांनी तो पुडा उचलून वरच्या फळीवर ढकलला.

"मिळणार नाही."

"अहो, पाच महिन्यांनी आलोय!"

"पाच वर्षांनी या. जीव तुमचा असेल, दुकान माझं आहे."

"यापेक्षा फ्रिज बरा!" सर कडाडले आणि तरातरा निघून गेले.

"द्यायचा होता एखादा पुडा," सून म्हणाली. मावशींनी त्या दिवशी खुर्ची तीनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्ची पुसत होत्या, तोच मागून आवाज आला, "झालं का पुसून? बसायचंय."

मावशींनी फडके झटकले. "फ्रिज बरा होता ना?"

"कसला बरा! त्याच्याशी भांडायला जावं तर 'क्षमस्व' म्हणतो. क्षमस्व! भांडणात कोणी असं बोलतं का? बरं, ती क्रीमची बिस्किटं काढा."

"नाही."

सर खुर्चीत ऐसपैस बसले.